मातीचं झाकण

दोधूआबा सकाळी उठून ओट्यावर आले की आधी उत्तरेकडे बघायचे. तिकडे सातपुडा होता. रोज त्याच जागी उभा असलेला डोंगर, त्यात रोज नवं ते काय बघायचं, असं कुणालाही वाटेल. पण आबांचं म्हणणं निराळं होतं. सातपुडा चालतो, असं ते आपल्या नातीला, आठ वर्षांच्या भिकूला सांगत. उन्हाळ्यात तो धुळीच्या पडद्यामागे दूर निघून जातो, आषाढात ढगांची गोधडी ओढून झोपतो, आणि आश्विन लागला, आभाळ धुऊन निघालं, की पाय न वाजवता थेट गावाच्या शिवेपर्यंत येऊन उभा राहतो.

"आज कोठे शे तो?" आबा विचारत.

भिकू डोळ्यांवर आडवा हात धरून नीट बघे. "आज उखाकाकाना वावरना मांगे शे."

"मंग गह्यरा जवळ उना. थंडी लई येस तो."

"कोठे शे थंडी? माले दखास नही."

"झोळीमा शे त्यानी. दिवाईले सोडी."

आतून जसोदाबाई, म्हणजे आबांच्या घरधनीणबाई, ओरडत, "पोरले खोटंनाटं सांगू नका! दात घासाले लावा तिले!"

आबांच्या आयुष्यात आता घाईचं काही उरलं नव्हतं. तापीकाठचं काळंभोर रान मुलगा नवल सांभाळत होता. आबांनी हातातला चाबूक त्याच्या हाती दिला त्या दिवसापासून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती, की कामाच्या धबडग्यात आपण कितीतरी सुखांना नुसतं ओझरतं भेटत होतो. तव्यावरून उतरलेली दादर ज्वारीची भाकरी, तिचा पापुद्रा अलगद उचलायचा, आत तेल आणि तिखट घालायचं, पुन्हा झाकायचं आणि थोडं थांबायचं. ते थांबणं त्यांनी पूर्वी कधी केलंच नव्हतं. पाऊस उघडला की जसोदाबाई गोधड्या उन्हात टाकत. दुपारी त्या घरात आणल्या की त्यांच्यावर आडवं पडायचं. त्या गोधडीत ऊन मुरलेलं असे. भिकूही शेजारी येऊन पडे, आणि दोघं डोळे मिटून ऊन हुंगत.

"म्हातारा पोरवयमा उना," असं जसोदाबाई गल्लीत सांगत; पण सांगताना हसत.

सगळं रान नवलला दिलं तरी आबांनी एक तुकडा स्वतःकडे ठेवला होता. नाल्याकाठचा, वाळू मिसळलेला. तिथे कपाशी रुसायची, ज्वारी खुरटायची. त्या तुकड्यात काय पेरायचं, हे त्यांना कय्युमने सुचवलं.

कय्युम नंदुरबारचा. रोशा गवताच्या तेलाचा त्याचा व्यापार होता. डोंगरातल्या भट्ट्यांवरून तेल घ्यायचं आणि आगगाडीने सुरतेला न्यायचं. नंदुरबारला गाडी येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी आबांना तिचं अप्रूप संपलं नव्हतं. म्हणून कय्युम डोंगराकडे जाता-येता ओट्यावर टेकला की आबा त्याला गाडीच्या गोष्टी विचारत. गेल्या वैशाखात त्याने कमरेची पिशवी सोडून मूठभर दाणे आबांच्या हातावर ठेवले. गुलाबी सालीचे, टपोरे.

"हाई तं सारंगखेडानी यात्रामा भुंजेल मियतस त्या दाना," आबा म्हणाले.

"त्याच शेतस, काका. पन या कच्च्या शेत. सुरतकडे लोके पेरतस. तुम्हना वायूना तुकडामा घाली देखा."

"शेंगा झाडले कोठे लागतस? तूरगत?"

कय्युम हसला. त्याने बोटाने खाली, ओट्याच्या मातीकडे दाखवलं. "जमीनमझार. वर तुम्हले एक बी फय दखावाव नही. घाबरू नका. पानं पिवळी पडतस तवलोंग हातबी लावू नका."

शेंगा आणि त्या जमिनीत! आबांचा विश्वास बसला नाही. पण न बसलेल्या विश्वासातही एक मजा होती. त्यांनी कुणालाही काही न सांगता ते दाणे, आणि पुढच्या खेपेला कय्युमने आणून दिलेली पायलीभर बी, पाऊस पडल्यावर नाल्याकाठी पेरून टाकली.

झुडपं उगवली, बसकी आणि गोल पानांची. श्रावणात पिवळी फुलं आली, इवलीशी. फुलं सुकली आणि त्यांच्या जागी फळ म्हणून काहीच आलं नाही. निंदणी करताना आबांना एवढंच दिसलं, की फुलाच्या बुडातून बारीक दोरे निघून मातीत शिरले आहेत. त्यांनी त्यांना हात लावला नाही.

शेजारच्या रानातला उखा बांधावर उभा राहून विचारी, "दोधूदादा, हाई काय पेरं तुम्हीन? फूल शे, फय नही. बकऱ्यासनी सोय करी का?"

"देखसूत."

"काय देखशात? नुसता पाला शे! पाला इकाले काढशात तं मी घेसू."

"तुलेच देसू पहिले," आबा म्हणत.

भिकूला मात्र ते प्रत्येक वेळी म्हणत, "वळख, काय शे?" आणि भिकू रोज नवं काहीतरी ओळखे. तीळ, हुलगे, मेथीचा मोठा भाऊ. आबा मान हलवत.

भादव्याच्या पुनवेला गुलाबाई आली.

खानदेशातल्या पोरींना वर्षभरात हा एक महिना अगदी स्वतःचा असतो. मातीची गुलाबाई, हिरव्या लुगड्यातली, शेजारी फेटा बांधलेला तिचा गुलोजी. त्या गल्लीत सगळ्यांची मिळून एकच गुलाबाई असे, आणि रोज संध्याकाळी एकेका घरी तिची पाळी. पोरी टिपऱ्या घेऊन त्या घरी जायच्या, गाणी म्हणायच्या, आणि गाणी संपली की खरा खेळ सुरू व्हायचा. घरची पोर झाकलेला डबा पुढे आणायची. आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. डबा हलवून आवाज ऐकायचा, झाकणाशी नाक नेऊन हुंगायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या. नाहीच ओळखता आलं, तर सगळ्यांनी 'हारनूत' म्हणायचं, आणि घरच्या पोरीने झाकण काढायचं. ते झाकण काढण्याची ऐट पुढे वर्षभर पुरायची.

भिकूच्या वाट्याला ती ऐट कधी आली नव्हती. गेल्या वर्षी जसोदाबाईंनी लाह्यांचे लाडू केले, आणि पाकाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शेजारची काली, भिकूहून दोन वर्षांनी मोठी, ओट्यावर पाय ठेवण्याआधीच ओरडली, "लाडू! लाह्यासना!" डब्याला कुणी हातसुद्धा लावला नाही.

म्हणून यंदा भिकूने आईशी, तापीबाईशी, महिनाभर आधी गुप्त बोलणं करून ठेवलं होतं. काय करायचं ते दोघींनाच ठाऊक. तिची पाळी अगदी शेवटी, कोजागिरीच्या आदल्या दिवशी होती. कोजागिरीला गुलाबाई तापी नदीत विसर्जनाला जाणार.

आणि पाळीला तीन दिवस राहिले असताना तापीबाईला मुलगा झाला.

घरात आनंदच आनंद झाला. नवलने गावात गूळ वाटला. जसोदाबाई पाच मिनिटं रडल्या आणि मग दिवसभर हुकूम सोडत राहिल्या. पण घरात मूल जन्मलं की सोयर. दहा दिवस घरच्यांनी देवाला शिवायचं नाही, घरच्या चुलीवरचं बाहेरच्यांनी खायचं नाही. दहा दिवसांनी गुलाबाई असणार होती कुठे? तापीच्या तळाशी.

काली सांगायला आली. दारातच, उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "भिकू, तुन्ही पाळी गयी. कौसामावशी सांगस."

 काली गेल्यावर भिकू आबांजवळ येऊन बसली.

"आबा, त्याले जरासाबी धीर नव्हता का?"

"कोन्हले?"

"त्याले." तिने आतल्या खोलीकडे हनुवटी केली. "चार दिन थांबता तं काय बिघडतं?"

आतून तापीबाईची हाक आली, "भिकू, ये वं, देख तरी! तुन्हागत नाक शे याले."

"माले नही देखनं!" भिकू म्हणाली. दिवस मावळला तरी ती त्या खोलीच्या दारापर्यंत गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. जसोदाबाईंनी समजूत घातली, दटावलं, गुळाचा खडा दाखवला. भिकूने तोंड फिरवलं.

आबांना चैन पडेना. हुकलेली पाळी पोर विसरली असती; पोरं विसरतात. पण भावाचं तोंड बघायच्या आधीच त्याच्यावर धरलेला राग तसाच घट्ट बसला तर? पहिल्या दिवसांत जे मनात रुजतं ते उपटायला फार कष्ट पडतात, हे शेतकरी माणसाला सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी ते कौसाबाईंकडे गेले.

कौसाबाई या गावचीच लेक. नवरा गेल्यावर माहेरी परतली ती परतलीच. कुठल्या दिवशी काय चालतं आणि काय चालत नाही, याबाबत गल्लीत तिचा शब्द शेवटचा. ओट्यावर बसून ती अंबाडीची पानं खुडत होती.

"कौसाबहीण, एक विचारानं शे."

"विचारा, दोधूभाऊ. पन तठेच बठा, पायरीखाले. सोयर शे तुम्हले."

आबा पायरीखाली दगडावर बसले. "भिकूनी पाळीनं काय?"

"काय म्हनजे? तुमन्या चूलवरनं गुलाबाईले चालाव नही. मी काय करू? पोऱ्यानी विचारीसन जलम लेवाले पाहिजे व्हता."

"भिकूबी तेच सांगस," आबा म्हणाले. "बरं, चूल नको. घरना डबाबी नको. माले इतलंच सांग, वावरले सोयर ऱ्हास का?"

कौसाबाईचा हात थांबला. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने आभाळाकडे बघितलं, मग आबांकडे.

"वावरले कसानं सोयर?" ती म्हणाली. "जमीन तं रोजच बाळंत व्हस. तिन्हं सोयर धरं तं लोके खातीन काय?"

"मंग गुलाबाई मन्हा नाल्याकाठना तुकडामा लई ये. दिन माथावर शे तवय. खाऊ तठेच शे."

"आनि वळखाले काय ठेवशात? उघडा वावरमा काय झाकशात?"

"झाकेल शे."

"कसाखाले?"

"ते तूबी वळख."

कौसाबाईने अंबाडीची काडी त्यांच्या दिशेने फेकली. "म्हातारा व्हयनात, तरी खोड गयी नही. आयका मंग. तुम्हीन, जसोदा, नवल, भिकू, कोन्हाच हात त्या खाऊले लागाले नको. इस्तो मन्हा चूलना, मीठ मन्हं. कबूल?"

"कबूल. पन झाकन भिकूनी काढाले पाहिजे."

"हात कसा लावी ती?"

"हात नको. ती फक्त सांगी. बोलाले सोयर ऱ्हास का?"

"बोलाले सोयर ऱ्हातं तं तुम्हले आते आठे बसू दिधं नसतं," कौसाबाई म्हणाली. "जा. पन ध्यान ठेवा, तठे काही नही निंघनं तं पोरी वरीसभर भिकूले हसतीन. आनि मीबी."

हे शेवटचं वाक्य आबांच्या बरोबर घरापर्यंत आलं, आणि रात्रभर उशाशी बसलं. खरंच, काही निघालं नाही तर? त्यांच्याजवळ होता तो कय्युमचा शब्द आणि मातीत शिरलेले काही दोरे. बाकी सगळ्या गावाला जे दिसत होतं तेच त्यांनाही दिसत होतं. नुसता पाला.

सकाळी ते एकटेच नाल्याकाठी गेले. पानांवर पिवळी झाक आली होती. दव अजून सुकलं नव्हतं. ते एका झुडपापाशी उकिडवे बसले. एकच झुडूप उपटून बघावं, शंका फिटेल. काही नसलं तर पोरींना येऊ नका म्हणून सांगता येईल. आसपास एका टिटवीखेरीज कुणी नव्हतं. त्यांचा हात झुडपाच्या बुडापर्यंत गेला.

आणि तिथून मागे आला. शब्द दिला होता, हे तर होतंच. पण आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात आली. आपण आत्ता आत डोकावलो, तर दुपारी ते आपल्या तोंडावर दिसेल. पोरी डब्याआधी माणसाचं तोंड हुंगतात. आणि चार महिने ज्याची वाट बघितली ते असं चोरून बघायचं, तर मग वाट कशाला बघितली? भाकरीत तेल घालून थांबता येतं, तर इथे अर्धा दिवस का थांबता येऊ नये?

ते उठले, हात धोतराला पुसले, जरी हाताला काही लागलं नव्हतं, आणि घरी आले.

"भिकू, आज तुन्ही पाळी शे," ते म्हणाले. "चाल, केस इंचरी ले."

दुपार कलायच्या आत मिरवणूक निघाली. पुढे कौसाबाई, डोक्यावर पाटीत गुलाबाई आणि गुलोजी. मागे टिपऱ्या वाजवत पोरी. एकीच्या हातात विस्तवाचं खापर, एकीकडे मिठाची पुडी. सगळ्यांच्या मागे, दहा पावलं सोडून, आबा आणि भिकू. भिकूने आबांचं बोट घट्ट धरलं होतं.

"आबा, माले तरी सांगा. काय शे?"

"मालेबी पक्कं ठाऊक नही, बेटा," आबा म्हणाले. ते खरंच होतं, पण भिकूला वाटलं, आबा नेहमीसारखी गंमत करत आहेत. ती हसली. तीन दिवसांनी पहिल्यांदा हसली.

गुलाबाई बांधावर निंबाच्या सावलीत बसली. भिकू आणि आबा तुकड्याच्या दुसऱ्या अंगाला उभे राहिले. पोरींनी फेर धरला. उघड्या रानात आवाजाला भिंत नसते. गाणी तशीच तापीकडे निघून गेली. उखाने औत थांबवलं आणि तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

गाणी संपली.

"वळखा!" भिकू पलीकडून ओरडली.  "काय शे?"

"डबा कोठे शे पन?" काली म्हणाली.

"हाऊच डबा," आबा म्हणाले. त्यांनी हाताने सगळा तुकडा दाखवला. "खाऊ याना मझार शे. शोधा. पन उपटू नका."

पोरी झुडपांत शिरल्या. पानं उचलून बघितली, फांद्या चाचपल्या.

"शेंदाडं! पानासखाले!"

"नही."

"वायकं!"

"नही."

एक धाकटी पोर मातीकडे बघून म्हणाली, "रतायं?"

 पोर उत्तराच्या अगदी जवळ आली होती; रताळीही जमिनीतच होतात. "नही," आबा म्हणाले.

"कांदा!"

"कांदा खाऊ ऱ्हास का, येडी!" दुसरीने तिला ढकललं, आणि सगळ्या हसल्या.

काली कमरेवर हात ठेवून उभी राहिली, अगदी पलीकडच्या उखासारखी. "आबा, काहीच नही शे आठे. नुसता पाला शे. उखाकाकाबी सांगस."

"मंग हारनूत सांगा."

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. हारणं कुणालाच आवडत नाही. पण नाही म्हणायलाही काही सुचेना. "हारनूत," काली तोंड वाकडं करून म्हणाली. "काढ झाकन."

भिकूने आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली. तिने मोठा श्वास घेतला आणि जन्मात कधी ओरडली नसेल एवढ्या मोठ्याने ओरडली, "उपटा!"

कालीने समोरचं झुडूप शेंड्याशी धरलं आणि हिसका दिला. कट्ट करून आवाज झाला. तिच्या हातात फांदी आली. फांदीवर पानं. बस.

 मग काली खोखो हसायला लागली. "पाला! मी सांगं व्हतं!" आणि तिच्या मागून सगळ्या. पलीकडचा उखाही हसला. भिकूने आबांचं बोट सोडलं. तिचा खालचा ओठ दुमडायला लागला. पुढे होऊन स्वतः झुडूप उपटावं असं आबांना वाटलं. पण पाय रोवून ते तिथेच उभे राहिले. दिलेला शब्द आता पायात बेडीसारखा झाला होता.

"चूप बठा वं!" कौसाबाई गरजली. "वांगानं रोप उपटतस ते शेंडाले धरीसन का बुडले धरीसन? तुले तुन्ही मायनी काही शिकाडं नही का, काली?"

तिने लुगड्याचा ओचा खोचला, शेतात उतरली, एका झुडपाच्या बुडाशी दोन्ही हात घातले, माती जरा हलवली, आणि सरळ वर ओढलं.

माती फाटल्यासारखी झाली. झुडूप वर आलं, आणि त्याच्याबरोबर मुळ्यांना लोंबकळत, मातीने माखलेल्या शेंगांचा अख्खा घोस. दहा, वीस, कुणी मोजल्या नाहीत. कौसाबाईने ते झुडूप डोळ्यांसमोर धरलं. पुन्हा खालच्या खड्ड्याकडे बघितलं. पुन्हा झुडपाकडे.

"आय माय!" ती म्हणाली. "मुळ्यासले शेंगा!"

तिने एक शेंग पुसून फोडली. आत दोन दाणे, फिक्या गुलाबी सालीचे, ओले. तिने एक तोंडात टाकला. पोरी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हाई तं यात्रामझारला दाना शेत!" कौसाबाई म्हणाली. "दोधूभाऊ, या झाडवर लागतस ना?"

"मीबी तसंच समजे," आबा म्हणाले, आणि इतक्या वेळचा धरलेला श्वास सोडून खाली बांधावर बसले. 

मग विचारूच नका. पोरी त्या तुकड्यात टोळासारख्या उतरल्या. बुडाशी धर, हलव, ओढ! प्रत्येक झुडपागणिक किंकाळी. काही शेंगा तुटून मातीतच राहत. त्या नखांनी उकरताना बोटं काळी झाली, परकर चिखलले. काली सगळ्यांत जास्त उपटत होती. कौसाबाईने सुक्या तुराट्यांवर खापरातला विस्तव ठेवला, फुंकर मारली, आणि शेंगा झाडांसकट जाळावर धरल्या. सालं तडतडायला लागली. धुराचा आणि भाजक्या शेंगांचा असा वास सुटला, की उखा औत सोडून आला.

पहिला घास गुलाबाईला. मग पोरींना. कालीने गरम शेंगांची ओंजळ भरली आणि ती तुकड्याच्या पलीकडे गेली. भिकूला शिवायचं नव्हतं, म्हणून तिने वरूनच भिकूच्या पसरलेल्या परकरात शेंगा सोडल्या.

"अशी पाळी कोन्हीच नही व्हयनी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पुढला वरीसले मन्ही पाळीबी आठेच करसूत का?"

भिकूने विचार केल्यासारखं केलं. "देखसूत," ती म्हणाली, अगदी आबांच्या आवाजात.

उखाने दोन मुठी शेंगा खाल्ल्यावर तोंड पुसलं. "दोधूदादा, पाला चांगला शे हो."

"तुलेच देसू म्हणं व्हतं ना पहिले," आबा म्हणाले. "ले जा. पाला बठ्ठा तुन्हा."

ऊन तिरपं झालं होतं. सातपुडा निळा होऊन आणखी चार पावलं पुढे आला होता. आबांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले, साल फुंकून उडवली, आणि खाण्याआधी थोडं थांबले.

घरी परत येताना भिकूने परकराचा ओचा दोन्ही हातांनी धरला होता. दारातून ती सरळ आत गेली. जसोदाबाईंनी, "अवं पाय धू!" म्हटलं ते तिला ऐकू आलं नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी ती थांबली.

"माय," ती म्हणाली, "नाक दखाड."

तापीबाईने दुपटं बाजूला केलं. भिकूने पुष्कळ वेळ बघितलं. मग स्वतःच्या नाकाला हात लावला. "मन्हापेक्षा बारीक शे," ती म्हणाली.

"वाढी ना ते."

"मंग ठीक शे." आणि ती खाली बसून आईला सगळी हकीकत सांगायला लागली, कालीने फांदी कशी तोडली, कौसामावशी कशी 'आय माय' म्हणाली. सांगता सांगता एक-दोनदा बाळाकडेही वळून सांगितलं, त्यालाही कळावं म्हणून.

कोजागिरीला गुलाबाई तापीत गेली. उरलेलं पीक नवलने काढलं, आणि जसोदाबाईंनी शेंगा धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, वाळत घातल्या. आता रात्री अंगावर गोधडी लागायला लागली होती. आबा सकाळी उन्हाच्या पट्ट्यात सरकून बसत, आणि पट्टा सरकला की त्याच्याबरोबर तेही सरकत.

बारशाच्या सकाळी घरात बायांची गर्दी व्हायच्या आधी आबा ओट्यावर बसले होते. आत पाळण्याची दोरी करकरत होती. भिकूने धाब्यावरची एक शेंग आणली होती, चांगली वाळलेली. ती बाळाच्या कानाशी धरून तिने हळूच हलवली. आत दाणे खुळखुळले.

"वळख, काय शे?"

बाळाने मूठ तोंडात घातली होती. डोळे आढ्याकडे.

तिने पुन्हा हलवली. "वळख ना!"

"काय म्हनस तो?" आबांनी बाहेरून विचारलं. "हारना का?"

"नही, आबा," भिकू म्हणाली. "इचार करी ऱ्हायना."

"मंग घाई नको करू त्याले," आबा म्हणाले, आणि सातपुडा आज कुठपर्यंत आला ते बघायला त्यांनी मान वळवली.